सहा आठवड्यांची जंपिंग बॅच आणि डायपरचं पाकीट

पाचपैकी साडेतीन तारे. दीड का कापला तेही सांगणार आहे, म्हणूनच घोडेस्वारीच्या या क्लबचं नाव लिहीत नाही. पुण्याजवळचा आहे एवढं पुरे.

मी बँकेत नोकरी करते, वय 46, घोड्यावर बसायला लागून चार वर्षं झाली. या पावसाळ्यात त्यांची स्पर्धेच्या तयारीची बॅच घेतली. आठवड्याला तीन दिवस, पहाटे सहाला, आणि शेवटी 70 सेंटिमीटर उंच अडथळ्यांच्या गटात उतरायचं. माझ्या वाट्याला आली मनुका. कुमैत (तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ) घोडी, रेसमधून निवृत्त, जरा नखरेल. आमचं छान जमलं होतं. चौथ्या आठवड्यात एका मंगळवारी ती तीन पायांवरच तबेल्याबाहेर आली. पुढचा डावा खूर हाताला गरम लागत होता. चिखलाने खूर मऊ पडतो, फटीतून घाण आत जाते आणि पू धरतो. नालबंदाने नाल काढली, तळवा जरासा कोरला, तर काळं, घाण वासाचं पाणी चिळकन बाहेर आलं. मनुकाला सुटल्यासारखं झालं. मला रडू आलं. स्पर्धेला सोळा दिवस होते.

क्लबला पैसे का द्यावेत ते इथून पुढे कळतं. शिकवणारे सर घोडदळातले निवृत्त दफेदार, म्हणजे हवालदाराच्या दर्जाचे. "होईल हो बरी" वगैरे काही नाही. म्हणाले, "मॅडम, घोडीचा एक पाय गेलाय. तुमचे दोन आहेत ना? उद्या टेप घेऊन या."

खुराची मलमपट्टी माझ्याकडेच दिली. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर बुडवायचा, पोटीस लावायचं, वर लहान मुलांचा डायपर आणि त्यावर डक्ट टेप गुंडाळायची. मेडिकलवाल्याने विचारलं, "बाळ किती किलोचं?" म्हटलं, "साडेचारशे."

दुसरं काम चालण्याचं. फेरीआधी स्वार मैदान पायी फिरून अंतरं मोजतो. मी ते कधी धड केलंच नव्हतं. आपलं पाऊल 90 सेंटिमीटरचं हवं, तशी चार पावलं म्हणजे घोड्याची कँटरमधली, म्हणजे मध्यम दौडीतली, एक ढांग. दोन अडथळ्यांमध्ये 24 पावलं भरली, तर उतरण्याची दोन आणि उडी घेण्याची दोन सोडायची. उरली वीस, म्हणजे पाच ढांगा. रात्री जेवण उरकून सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूच्या रेघा मारून मी हे करायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वास्तुदोष निघालाय का म्हणून विचारलं.

टोकियो ऑलिंपिकआधी आपला घोडेस्वार फवाद मिर्झानेही घोडा बदलला होता, हे सरांनी दोनदा ऐकवलं. आधी 'दजारा फोर' ठरला होता, मग 'सेन्यर मेडिकॉट'वर उतरला आणि 23वा आला. तो कुठे, मी कुठे! पण ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता दीड तारा. मनुका पाय आखडतेय हे सईसाला, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याला, रविवारीच दिसलं होतं, मला कळलं मंगळवारी. आणि बदली घोड्याचे दिवसाला 600 रुपये वेगळे लावले, तेही पावती मागितल्यावर समजलं. हा बदली घोडा, राजा, स्वभावाने गरीब, पण डबकं दिसलं की जागीच थबकतो. एकदा तो थांबला, मी त्याच्या मानेवरून पुढे गेले.

स्पर्धेत राजावर अडथळ्यांचे दोन बार (आडव्या दांड्या) पाडले, म्हणजे आठ पेनल्टी. नंबर विचारू नका. तिसऱ्या-चौथ्या अडथळ्यात पाच ढांगा मोजल्या होत्या, राजाने सहा घेतल्या, कारण घाबरून मीच लगाम आवळून धरला होता. बार पडायच्या आधीच मला ते कळलं होतं. मनुकावर असताना असलं काही कळायचं नाही, तीच सांभाळून घ्यायची.

बॅच घेणार असाल तर बदली घोड्याचं भाडं आधी लेखी घ्या. आणि डायपर सगळ्यात मोठ्या मापाचा, चिकटपट्टीवाला. पँटवाला खुरावर चढत नाही.