म्हणे तुमचा पीटीओच उलटा फिरतोय!

ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणाऱ्या हायड्रोलिक पंपाचं किट मोबाईलवरची जाहिरात पाहून घेतलं आणि फसलो. किती गेले हे विचारायला लोकांना फार आवडतं, म्हणून आकडा आधीच लिहून टाकतो: 46,050 रुपये. किटचे 38,500, ट्रान्सपोर्टचे 2,350, 68 नंबर हायड्रोलिक ऑईलच्या बादलीचे 3,400 आणि ब्रॅकेटसाठी गावातल्या वेल्डरला 1,800.

ट्रॅक्टर मॅसी 1035, वडिलांनी 1988 साली घेतलेला. इंजिनाची तक्रार नाही. अडचण जॅकच्या, म्हणजे ऑईलच्या प्रेशरने उचलल्या जाणाऱ्या ट्रॉलीची. या मॅसीत गिअरबॉक्सचं ऑईल तेच लिफ्टचं ऑईल. भाड्याची ट्रॉली जोडली की दहा ट्रॅक्टर फिरून आलेलं काळं ऑईल थेट आपल्या गिअरबॉक्सात. गेल्या वर्षी ते भोगलं. म्हणून पीटीओवर बाहेरून पंप, टाकी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा असा विचार केला. विचार चुकीचा नव्हता, हे आजही छातीठोक सांगतो. पारावर बसून हसणाऱ्यांपैकी किती जणांना स्वतःच्या ट्रॅक्टरचं ऑईल कुठून कुठे जातं ते माहीत आहे?

जाहिरात मोबाईलवर आली. निळी टाकी, चकचकीत पंप, 'जुन्या ट्रॅक्टरला नवी ताकद'. व्हिडिओत ट्रॉली झोकात उचलली जात होती. आता पुन्हा पाहिल्यावर कळतं की पंप आणि उचललेली ट्रॉली एकदाही एकत्र दिसत नाहीत. आवाजाच्या जागी गाणं. आधी 15,000 घेतले, मग 'माल गाडीत चढला' म्हणून 23,500. बिल हवं तर 18 टक्के वेगळे, म्हणजे 6,930. ते मी वाचवले. वाचवले! बिल नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

आता ती जागा, जिच्यासाठी रात्री झोप लागत नाही. पैसे देण्याआधी मी व्हिडिओ कॉल लावायला लावला होता. पंप फिरवून दाखवताना त्याच्या अंगावर एक उंचवटा दिसला, रंगाखाली दबलेला. मी विचारलं, "हे काय आहे?" विकणारा म्हणाला, "काका, कास्टिंगचा डाग आहे, गंजू नये म्हणून डबल कोट मारलाय." आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. विचारलं काय, तर निळ्याऐवजी लाल टाकी मिळेल का! मे महिना संपत आला होता, पावसाआधी शेणखत पांगवायचं होतं, माणसं मिळत नव्हती. घाई होती, हे खरं. पण तो उंचवटा मला दिसला होता, हेही खरं.

माल आला, बसवला. पीटीओचा दांडा टाकला, रेस वाढवली. ट्रॉली इंचभर हलली नाही. पंपाच्या शाफ्टपाशी आधी बुडबुडे आले, मग फट्ट झालं आणि ऑईलची चिळकांडी माझ्या पायजम्यावर. (अशा वेळी गळती हाताने चाचपू नका. प्रेशरचं ऑईल कातडी फोडून आत जातं, हात गमावायची वेळ येते.)

भाच्याचा मित्र एमआयडीसीत हायड्रोलिकचं काम करतो. त्याने खिशातलं नाणं काढून त्या उंचवट्यावर घासलं. रंगाखाली फिरण्याची दिशा दाखवणारा बाण होता. असा गिअर पंप बहुधा एकाच दिशेने चालतो. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. पंप त्याच्या समोरून बसतो, म्हणजे पंपाच्या शाफ्टकडून पाहिलं तर फिरणं उलटं, आणि पंपही तसाच लागतो. मला पाठवलेला सुलट्या दिशेचा. प्रेशर गेलं ऑईल ओढायच्या बाजूला आणि सील उडालं. उघडला तर आतल्या गिअरवर बोट अडकेल एवढ्या चरा. कुठल्या तरी भंगार मशीनचा पंप. जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह तर दिलाच नव्हता. दिशा बरोबर असती तर जॅक पूर्ण उचलला गेल्यावर पाईप फुटला असता.

वर 'मिनिटाला चाळीस लिटर' ही दुसरी थाप. पंप 27 सीसीचा, म्हणजे एका फेऱ्यात 27 मिलिलिटर ऑईल. चाळीस लिटर निघतात 1500 आरपीएमला. पीटीओ फिरतो 540 ने. गुणाकार करा, साडेचौदा लिटर येतात. तेही पंप नवा असेल तर. सीसी विचारा, लिटर विचारू नका.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो कसा, "काका, तुमचा पीटीओच उलटा फिरतोय, आधी तो दुरुस्त करा." त्यानंतर नंबर ब्लॉक.

पुढची वरात ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पंप मिळाला ना? मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब." तीन खेपा, दर खेपेला साहेब बंदोबस्ताला. शेवटी एका हवालदाराने पंप हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाला, "भंगारात दीड हजार येतील." बँकेत ऐकवलं की पिन तुम्हीच टाकलात. सायबरची तक्रार मी तेविसाव्या दिवशी केली, तोवर पैसे खात्यातून कधीच निघून गेले होते. 1930 या सायबर हेल्पलाईनला त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासाला फोन करा, माझ्यासारखी 'बदलून देतो'ची वाट पाहू नका. कृषी खात्यातल्या बाईंनी विचारलं, योजनेतून घेतला का? नाही? मग आमचा संबंध नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवरचा कारकून तर कहर, "ट्रॅक्टर म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही." अरे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला ग्राहकच धरलंय! हे सांगायला मला शहरातल्या वकिलाचे 500 रुपये मोजावे लागले. ते वरच्या हिशेबात नाहीत.

तक्रार आता राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात दाखल करतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही. बिल नाही, पण यूपीआयच्या पावत्या आहेत आणि जाहिरातीचा व्हिडिओ आहे. परवा तोच व्हिडिओ नव्या नावाने आला, किंमत 36,999. निळ्या टाकीवर डावीकडे पांढऱ्या स्टिकरचा अर्धा फाटलेला तुकडा आहे, तो पुसायचीही तसदी घेतलेली नाही. त्या टाकीला ज्यांनी पैसे दिलेत त्यांनी लाज सोडून कळवा, एकत्र तक्रार करता येते. शेणखत अजून ट्रॉलीतच आहे, उद्या फावड्याने काढतोय.