आधी प्रीकॅल्क्युलस की थेट कॅल्क्युलस?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या पहिल्या सत्राचे विषय निवडायला बसलं की गणितापाशी येऊन घोडं अडतं. काउन्सेलर सांगतो, "प्रीकॅल्क्युलस घे, पाया पक्का होईल." घरचे म्हणतात, "बारावीला हे सगळं झालंय की तुझं. एक सत्र आणि फी कशाला वाया घालवतोस?" दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये शिकवताना ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता मी दोन्ही बाजूला ठेवते आणि समोरच्याला आधी कागद-पेन्सिल घ्यायला लावते. बीजगणितात हात किती सहज चालतो, हे पाहिल्याशिवाय कोणताही सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही.

पहिली अडचण 'प्रीकॅल्क्युलस' या नावापासूनच सुरू होते. नावावरून वाटतं, ही शाळेत शिकलेल्याची उजळणी असणार. प्रत्यक्षात पंधरा आठवड्यांत फंक्शन आणि त्यांचे आलेख, बहुपदी, परिमेय फंक्शन, घातांक आणि लॉग, युनिट सर्कल, त्रिकोणमितीची नित्यसमीकरणं, साइन आणि कोसाइनचे नियम आणि बऱ्याच ठिकाणी शांकव, सदिश, ध्रुवीय निर्देशक, श्रेढी इतकं सगळं उरकायचं असतं. बीजगणित कच्चं असलेला विद्यार्थी चौथ्या-पाचव्या आठवड्यात मागे पडतो. ज्याचं पक्कं आहे तो सुरुवातीला कंटाळतो, गृहपाठ टाळायला लागतो आणि नेमका त्रिकोणमितीत सापडतो. 'सोपा विषय' म्हणून हा कोर्स घेणाऱ्यांचं दोन्हीकडून नुकसान होतं.

आधी ही चार गणितं

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, अर्धा तास काढा.

पहिलं: १/(क्ष + ह) मधून १/क्ष वजा करा आणि जे येईल त्याला ह ने भागा. उत्तर सोप्या रूपात हवं.

दुसरं: लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = लॉग ३. क्ष किती?

तिसरं: साइन २क्ष = कोस क्ष. शून्य अंशापासून ३६० अंशांपर्यंतची सगळी उत्तरं काढा.

चौथं: य = फ(क्ष) चा आलेख समोर आहे. य = −२फ(क्ष − ३) + १ चा आलेख त्यावरून कसा मिळेल, ते शब्दांत सांगा.

आता उत्तरं. पहिल्याचं −१/[क्ष(क्ष + ह)]. दुसऱ्यात ३ आणि −१ अशी दोन उत्तरं निघतात, पण ऋण संख्येचा लॉग घेता येत नाही म्हणून फक्त ३ ठेवायचं. तिसऱ्याची उत्तरं ३०, ९०, १५० आणि २७० अंश. तुम्हाला फक्त ३० आणि १५० मिळाली असतील तर तुम्ही दोन्ही बाजूंना कोस क्षने भागलंत आणि तिथेच दोन उत्तरं हातची गेली. चौथ्यात आलेख तीन घरं उजवीकडे सरकतो, उभ्या दिशेने दुप्पट ताणला जातो, आडव्या अक्षाभोवती उलटा होतो आणि शेवटी एक घर वर जातो.

कोणतं गणित चुकलं याला, किती चुकली यापेक्षा मी जास्त महत्त्व देते. फक्त तिसरं चुकलं असेल तर घाबरू नका. त्रिकोणमिती वापर नसला की विसरतेच, आणि रोज तासभर बसलात तर तीनेक आठवड्यांत बरीचशी परतही येते. तेवढ्यासाठी अख्खं सत्र द्यायला मी सांगणार नाही. दुसरं आणि चौथं दोन्ही चुकली तर प्रीकॅल्क्युलस खरोखर तुमच्यासाठी आहे, कारण फंक्शनकडे 'फंक्शन' म्हणून पाहायची सवय या कोर्समध्येच लागते. पहिलंच जमलं नसेल तर प्रीकॅल्क्युलससुद्धा अंगावर येईल. आधी कॉलेज अल्जिब्रा, म्हणजे त्याच्या खालचा बीजगणिताचा कोर्स, घ्या.

पहिल्या गणितावर माझा इतका भर का? कॅल्क्युलस वनच्या पेपरात डेरिव्हेटिव्ह घेण्याची पायरी बहुतेकदा एका ओळीची असते. त्याखालच्या पाच ओळी बीजगणिताच्या असतात: छेद सारखे करा, अवयव पाडा, शून्याशी बरोबरी करा, न चालणारी किंमत वगळा. माझ्यासमोर बसून "कॅल्क्युलस कळत नाही" म्हणणाऱ्यांची वही उघडली की लिमिट समजलेलं दिसतं, साखळी नियम बरोबर लावलेला दिसतो. पुढे कुठेतरी (क्षचा वर्ग + ९) चं वर्गमूळ क्ष + ३ असं लिहिलेलं असतं आणि तिथून सगळं बिघडतं. ही चूक कॅल्क्युलसच्या वर्गात कुणी शिकवून सुधारत नाही, कारण त्या वर्गात तेवढा वेळच नसतो.

महाराष्ट्रातून बारावी विज्ञान करून आलेल्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन तुम्ही बारावीलाच केलंय, कॅल्क्युलेटरशिवाय आकडेमोड करायची सवय आहे, त्यामुळे पहिली तीन गणितं थोड्या सरावाने जमतात. अडतं ते चौथ्याशी. इथल्या अभ्यासक्रमात आलेख वाचणं, एखाद्या परिस्थितीचं फंक्शन तयार करणं आणि उत्तराचा अर्थ वाक्यात लिहिणं याला बरेच गुण असतात. त्याची तयारी सुट्टीत घरी करता येते. बारावीनंतर मध्ये पाच-सात वर्षं गेली असतील, मुलं झाल्यावर पुन्हा शिकायला बसला असाल, तर मात्र जुन्या गुणपत्रिकेवर विसंबू नका. या चार गणितांचा निकालच खरा धरा.

वेळ, पैसा आणि पुढची साखळी

थेट कॅल्क्युलसच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा वेळेचा. इंजिनिअरिंगसाठी कॅल्क्युलस वन, टू, थ्री आणि डिफरन्शियल इक्वेशन्स हे चार कोर्स एकापाठोपाठ येतात. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांत विद्यापीठात ट्रान्सफर व्हायचं तर चार सत्रं या चारांतच भरतात. आधी प्रीकॅल्क्युलस घातलं की साखळी एका सत्राने पुढे सरकते, आणि कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्सही तिच्याबरोबर सरकतं. शिवाय इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी लागणाऱ्या गणितात प्रीकॅल्क्युलसची क्रेडिट (कोर्स पूर्ण केल्यावर पदवीच्या खात्यात जमा होणारी एककं) साधारणपणे धरली जात नाहीत, फार तर इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून चालतात. फी मात्र पूर्ण भरावी लागते.

दुसऱ्या बाजूला, कॅल्क्युलस नापास झालात तर तेच सत्र आणि तीच फी जाते, वर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, 'एफ' राहतो. काठावर 'सी' मिळवून पुढे गेलात तर कॅल्क्युलस टू समोर उभा असतो, आणि त्यात त्रिकोणमिती आणि बीजगणित कॅल्क्युलस वनपेक्षाही जास्त लागतं. ज्याला पहिली दोन्ही गणितं जमली नाहीत त्याला एक सत्र 'उशीर' झालेला मला चालतो.

प्रीकॅल्क्युलस उन्हाळी सत्रात उरकण्याचा मधला मार्ग पुष्कळांना आवडतो. हिशेब करून मगच घ्या. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास बाहेर, असं साधारण पंधरा आठवडे धरतात. चार क्रेडिटचा कोर्स म्हणजे एकूण १८० तास. नियमित सत्रात ते आठवड्याला बारा पडतात, सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात तीस. नोकरी नसेल, दुसरा विषय नसेल आणि विसरलेलं फक्त ताजं करायचं असेल तर उन्हाळा उत्तम. युनिट सर्कल पहिल्यांदाच पाहणाऱ्याला मी उन्हाळ्यात बसू देणार नाही. तो कोन आणि किमती पाठ करतो, पण त्या मनात मुरायला लागणारे दिवसच त्याला मिळत नाहीत.

आधाराचा तास जोडलेलं कॅल्क्युलस

कॅल्क्युलससोबतच एक-दोन क्रेडिटचा आधाराचा वर्ग घ्यायचा, ज्यात लागेल तसं मागचं बीजगणित शिकवतात, असा कोरिक्विझिटचा पर्याय आता बऱ्याच कॉलेजांत आहे. कॅलिफोर्नियात तर २०१७ चा एबी ७०५ आणि २०२२ चा एबी १७०५ या कायद्यांनंतर कम्युनिटी कॉलेजांचा सगळा रोखच विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शक्य तितक्या लवकर कॅल्क्युलसमध्ये बसवण्याकडे वळला आहे. यामागचा विचार मला पटतो, कारण पायाभूत कोर्सच्या लांब रांगेत अनेक मुलं मध्येच गळतात, हे मी पाहिलंय. पण या पर्यायात आठवड्याचे तास खूप वाढतात. नोकरी करणाऱ्याने तो घेण्याआधी वेळापत्रक कागदावर मांडून पाहावं. तिसरंच गणित चुकलेल्यांना हा मार्ग मी आनंदाने सुचवते.

एक कोर्स की दोन

काही कॉलेजं हाच माल कॉलेज अल्जिब्रा आणि ट्रिगनॉमेट्री असा दोन सत्रांत विभागतात. वेळ दुप्पट लागतो, पण पहिल्या गणितात अडकलेल्यांसाठी हेच योग्य. आणखी एक फायदा आहे: पुढे तुम्ही इंजिनिअरिंगऐवजी व्यवसाय शाखेकडे वळलात तर बिझनेस कॅल्क्युलसला साधारणपणे कॉलेज अल्जिब्रा पुरतो, त्रिकोणमिती लागत नाही.

यावरून आठवलं, तुमच्या पदवीला कोणतं गणित लागतं ते आधी तपासलंय का? मानसशास्त्र, नर्सिंग, समाजशास्त्र अशा बऱ्याच शाखांना स्टॅटिस्टिक्स लागतं. कुणीतरी सांगितलं म्हणून प्रीकॅल्क्युलसमध्ये रखडलेले विद्यार्थी मी पाहिलेत, आणि त्यांच्या पदवीत कॅल्क्युलस कुठेच नव्हतं.

परीक्षा देऊन सुटका

वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय म्हणजे क्लेप. प्रीकॅल्क्युलसची क्लेप परीक्षा ९० मिनिटांची आणि ४८ प्रश्नांची असते. गुण २० ते ८० या मापावर मिळतात आणि ५० ला क्रेडिट द्यावं अशी शिफारस आहे. पण शिफारस मानणं न मानणं कॉलेजच्या हातात असतं, तेव्हा पैसे भरण्याआधी तुमच्या कॉलेजचं धोरण वाचा. हायस्कूलमधल्या मुलांसाठी एपी प्रीकॅल्क्युलस, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, आहे. त्याची पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. एपी की डुअल एन्रोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स घेणं), असं पालक विचारतात. एपीत गुण कमी पडले तर ते सहसा कॉलेजला न कळवण्याची मुभा असते. डुअल एन्रोलमेंटमधली ग्रेड ही खऱ्या कॉलेजची ग्रेड असते आणि ती मुलाबरोबर राहते, पुढे मेडिकल स्कूलच्या अर्जातही मोजली जाते. सोळा वर्षांच्या मुलाला आठवड्याला बारा तास गणिताला देता येतील का, हे त्यालाच विचारून ठरवा.

प्लेसमेंट टेस्टबद्दल, म्हणजे गणिताच्या कोणत्या वर्गात बसायचं ते ठरवणाऱ्या चाचणीबद्दल, एक कळकळीची विनंती. अनेक कॉलेजं अ‍ॅलेक्स वापरतात. जास्तीत जास्त तीस प्रश्न, शंभरपैकी गुण, सोबत सरावाचं मॉड्यूल, आणि सहसा पुन्हा देण्याची संधी. ही टेस्ट घरून देता येत असेल तर कुणाची मदत घेऊ नका, भावाची नाही, मैत्रिणीची नाही. मदतीने वर चढलेला विद्यार्थी ज्या वर्गात बसतो तिथे त्याला मागचं काही विचारायची लाज वाटते, आणि मग तो विचारतच नाही. पहिल्यांदा प्रामाणिकपणे द्या, मॉड्यूलवर तीन-चार आठवडे घाम गाळा, मग पुन्हा द्या. कितीतरी जणांचं प्रीकॅल्क्युलस यातच सुटतं.

सगळं करूनही मन दोन्हीकडे ओढत असेल तर कॅल्क्युलसला नाव घाला. त्याच वेळेला प्रीकॅल्क्युलसची तुकडी आहे का, तिच्यात जागा किती आहेत, तेही बघून ठेवा. पहिल्या आठवड्यात बहुतेक शिक्षक उजळणीचा गृहपाठ देतात. तो कुणाच्या मदतीशिवाय पूर्ण झाला तर तिथेच राहा. अर्ध्याहून जास्त अडला तर लगेच खाली बदलून घ्या. विषय बदलायची आणि ट्रान्सक्रिप्टवर खूण न राहता सोडायची अशा तारखा वेगवेगळ्या असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच उलटतात, त्या आजच कॅलेंडरवर लिहा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर नुसता विषय सोडून चालत नाही. सत्राला बारा क्रेडिट भरावी लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो, म्हणून बदल करण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन विचारा.