थॉनी: अकरावी-बारावीच्या पायथनसाठी माझ्या लॅबमध्ये हेच

सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवते, म्हणजे ते ०८३ कोडवालं, ७० मार्क थिअरी आणि ३० प्रॅक्टिकल. मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कशात करायला द्यायची हे सारखं कोणी ना कोणी विचारत असतं, कधी दुसऱ्या शाळेतले सर, कधी पालक, म्हणून एकदाच नीट लिहिते. माझं उत्तर थॉनी, म्हणजे पायथनचा कोड लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात आयवार अन्नामा यांनी खास नवीन शिकणाऱ्यांसाठी बनवायला घेतलं होतं आणि वापरताना ते जाणवतं, कारण ज्याने हे बनवलंय त्याला मुलं नेमकी कुठे अडतात ते पक्कं माहीत आहे.

मुलं अडतात कुठे? कोलन विसरलं, स्पेलिंग चुकलं, हे चार दिवसात सुटतं. खरी अडचण ही की मशीन आत्ता या ओळीला नेमकं काय करतंय याचं चित्रच डोक्यात नसतं. मग काय होतं, ठरलेले प्रोग्राम पाठ, पॅलिंड्रोम पाठ, आर्मस्ट्राँग पाठ, फिबोनाची पाठ, प्रॅक्टिकल फाईल सुंदर अक्षरात पूर्ण, आणि व्हायव्हाला एखादी ओळ बदलून विचारलं की पोरगं गप्प. आपल्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललंय, टर्बो सी प्लस प्लस या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनपासून. भाषा बदलली, पायथन आलं, पाठांतर तसंच राहिलं.

थॉनीत एफ ५ दाबलं की प्रोग्राम सरळ चालतो, त्यात विशेष काही नाही. पण वर किड्याचं छोटं चित्र असलेलं डीबगचं, म्हणजे चूक शोधायला प्रोग्राम थांबत थांबत चालवायचं, बटण आहे (कंट्रोल एफ ५ पण चालतं), ते दाबून मग एफ ६ किंवा एफ ७ ने एकेक पाऊल पुढे जाता येतं, आणि शेजारी व्हेरिएबल्सचा, म्हणजे किमती साठवणाऱ्या नावांचा, तक्ता उघडा ठेवला की प्रत्येक पावलाला कोणाची किंमत काय झाली ते समोर दिसतं. व्ह्यू मेनूत जाऊन तो तक्ता आधी चालू करून घ्या, त्याच्याशिवाय अर्धी मजा गेली.

दोन किमतींची अदलाबदल घ्या, सगळ्यांचा आवडता प्रश्न. ए मध्ये ५, बी मध्ये ७. जवळपास प्रत्येक वर्गात कोणीतरी लिहितंच, ए = बी, खाली बी = ए, आणि म्हणतं मॅडम झालं. फळ्यावर कितीही समजावलं तरी त्यांना वाटतं दोन्ही ओळी एकाच वेळी घडतात. थॉनीत पहिली ओळ झाली की तक्त्यात ए समोर ७ येतो, बी समोर ७ आहेच, आणि ५ कुठेच नाही. वर्गातून आपोआप आवाज येतो, "मॅडम, पाच गेला कुठे?" आता तिसरं व्हेरिएबल का लागतं हे मला सांगावं लागत नाही, तेच सांगतात. पायथनमध्ये एका ओळीत अदलाबदल होते हे मी त्यानंतरच दाखवते, आधी दाखवलं की तो पण एक पाठ केलेला मंत्र होतो.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. एफ ७ ने आत शिरलं की एकाच ओळीतला हिशोबसुद्धा तुकड्यातुकड्याने सुटताना दिसतो, ओळीवर एक फिकट निळी चौकट येते आणि तिच्यात नावांच्या जागी किमती, मग किमतींच्या जागी उत्तर, असं भरत जातं. तीन विषयांची सरासरी काढताना कंस विसरणारी मुलं असतातच. मार्क समजा ६०, ७५ आणि ९०. कंसाशिवाय लिहिलं की चौकटीत आधी ६० आणि ७५ चे १३५ होतात, मग ९० भागिले ३ चे ३०.०, आणि शेवटी १६५.०. शंभरपैकी मार्कांची सरासरी १६५ कशी येईल हे पोरांना बरोबर कळतं, आणि मुख्य म्हणजे चूक कुठल्या पावलाला झाली तेही कळतं, कारण भागाकार एकट्या ९० ला लागताना त्यांनी बघितलेला असतो.

इनपुटचं पण तसंच. ५ आणि ७ टाईप केले, बेरीज ५७ आली, मशीन बिघडलंय म्हणून हाक मारतात. तक्त्यात बघ म्हटलं की ५ च्या दोन्ही बाजूला कोट दिसतात, म्हणजे तो आकडा नाही, अक्षर आहे, इंट लाव म्हणजे त्याचा आकडा होईल. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की पुन्हा सांगायची वेळ क्वचितच येते. जाता जाता एक गंमत दाखवते, पायथनचं इंट देवनागरी आकडेसुद्धा ओळखतं, मराठी कीबोर्डवरून १२ टाकलं तरी बरोबर बारा धरतं, सेमी-इंग्लिशमधून आलेल्या माझ्या मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात.

फंक्शनसाठी, म्हणजे नाव देऊन वेगळा ठेवलेला आणि हवा तेव्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा समजवायला, तर याला तोडच नाही. फंक्शनला कॉल झाला की वेगळी खिडकी उघडते, त्यात त्या फंक्शनचा कोड आणि त्याची स्वतःची लोकल व्हेरिएबल्स, काम संपलं की खिडकी बंद आणि उत्तर कॉलच्या जागी येऊन बसतं. लोकल-ग्लोबलचा (नाव फंक्शनच्या आतलं की बाहेरचं) गोंधळ यानेच सुटतो. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं, परीक्षेला येवो न येवो, मी दाखवतेच, ४ चं फॅक्टोरिअल (४ × ३ × २ × १) लावलं की खिडकीवर खिडकी उघडत जाते आणि मग एकेक मिटत १, २, ६, २४ असं वर येतं. फळ्यावर बाण काढून काढून हे सांगण्यात माझे तासच्या तास गेलेत.

पण एक सांगते, नुसतं बटण दाबत बसलं तर मुलं सिनेमा बघितल्यासारखं बघतात आणि विसरतात. माझा नियम असा की बटण दाबायच्या आधी वहीत तक्ता आखायचा, ओळ नंबर, व्हेरिएबल, किंमत, आणि पुढे काय होणार ते पेनाने लिहायचं, मग दाबायचं आणि जुळवायचं. जिथे जुळलं नाही तिथेच शिकणं आहे, तिथे थांबून शेजारच्याला समजावायचं. बोर्डाच्या पेपरला आऊटपुट लिहा, चुका दुरुस्त करून कोड पुन्हा लिहा आणि दुरुस्तीखाली रेघ मारा, असे प्रश्न असतात, तिथे कॉम्प्युटर नसतो, हीच वहीची सवय कामाला येते.

इन्स्टॉल करायला अगदी सोपं. पायथन आतच येतं, वेगळं टाकावं लागत नाही, ॲडमिन पासवर्डशिवायही आपल्या युजरपुरतं बसतं, म्हणजे लॅब असिस्टंटची वाट बघत बसायला नको. शाळेत जुनी विंडोज ७ ची मशीन असतील तर पायथन ३.८ वालं वेगळं इन्स्टॉलर त्यांच्या साईटवर आहे, ते घ्या, नेहमीचं तिथे चालणार नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या सिस्टीममध्ये आधीपासूनच असतं. प्रोजेक्टरवर शिकवताना कंट्रोल आणि प्लस दाबून अक्षरं मोठी करा, आणि ऑप्शन्समधून ओळींचे नंबर चालू करा, "सातव्या ओळीकडे बघा" म्हणता यायला हवं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. हे पावलापावलाने चालणं हळू आहे, मोठा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) किंवा हजारो ओळींची सीएसव्ही फाईल घेतली तर कंटाळा येईल, म्हणून छोट्या आकड्यांवरच वापरायचं. एरर आल्यावर बाजूला असिस्टंट नावाची खिडकी उघडून सूचना देते, त्या इंग्रजीत आणि कधीकधी इतक्या मोघम असतात की मुलगा अजून घाबरतो, मी मुलांना आधी शेल मधली (जिथे आऊटपुट आणि एरर दिसतात ती खिडकी) शेवटची ओळ वाचायला लावते. आणि बारावीला मायएसक्यूएल हा डेटाबेस पायथनला जोडताना हमखास एक भानगड होते, कनेक्टर (त्या जोडणीचं पॅकेज) मशीनवरच्या दुसऱ्या पायथनमध्ये टाकलेला असतो आणि थॉनी स्वतःच्या आतलं पायथन वापरतं, त्यामुळे मॉड्यूल सापडत नाही अशी एरर येते. टूल्समधल्या मॅनेज पॅकेजेसमधून इथेच टाका (नेट लागेल), नाहीतर ऑप्शन्समध्ये इंटरप्रिटर बदलून ते दुसरं पायथन निवडा.

काही पालक म्हणतात कंपन्यांमध्ये व्हीएस कोड हा एडिटर वापरतात, मग मुलांना तेच द्या ना. माझं मत स्पष्ट आहे, अकरावीत नको. ते उत्तम आहे, पण दोन अक्षरं टाकली की पुढचं सगळं सुचवतं, आणि शिकणाऱ्याने तो विचार स्वतः करायचा असतो. बारावीच्या प्रोजेक्टला चार-पाच फाईल झाल्या की खुशाल जा तिकडे, तोपर्यंत पाया झालेला असतो. स्टेट बोर्डाचं बायफोकल घेतलेल्यांच्या परीक्षेला सी प्लस प्लस असतं, त्यांना याचा थेट उपयोग नाही, तरी लूप डोक्यात बसत नसेल तर सुट्टीत आठवडाभर यात खेळून बघायला हरकत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो असिस्टंटमुळे, त्या सूचना सोप्या भाषेत, आणि कधीतरी मराठीत आल्या तर तोही देईन.