एक शिडाची बोट विकली आणि दोन बोटी घेतल्या: दोन सीझननंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, सी-डोरी २२ ही केबिनवाली मोटरबोट आणि मुलीसाठी सेकंडहँड लेझर ही एका माणसाची छोटी शिडाची बोट, ही जोडी आम्हाला फार आवडलीये, परत वेळ आली तरी हेच घेऊ. पण आधीची बोट वाईट होती म्हणून विकली असं अजिबात नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

आम्ही सिएटलजवळ राहतो. नऊ वर्षं आमच्याकडे मॅकग्रेगर २६एक्स होती. जवळपास २६ फुटी शिडाची बोट, १९९५ ते २००२ या काळात बनायची. हिचा बॅलास्ट (बोट कलंडू नये म्हणून तळात ठेवलेलं वजन) पाण्याचा असतो, म्हणजे रॅम्पवरून, बोट पाण्यात सोडायच्या उतारावरून, उतरलं की व्हॉल्व उघडायचा, पोटातल्या टाकीत साडेसहाशे किलोच्या वर पाणी भरतं आणि बोट वाऱ्यात नीट उभी राहते, परत ट्रेलरवर घेताना ते पाणी सोडून द्यायचं, त्यामुळे ओढायला हलकी. शिवाय मागे ५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावलेलं इंजिन. शिडाच्या बोटीला एवढं इंजिन म्हणून जुने सेलर लोक नाकं मुरडतात, मुरडू देत, मुलगी पाच वर्षांची असताना वारा पडला की त्याच इंजिनाने आम्ही अंधाराच्या आत घरी आलोय. आम्ही जिथे फिरतो त्या सिएटलच्या उत्तरेकडच्या सॅन वॉन बेटांमध्ये उन्हाळ्यात वारा तसाही बऱ्याचदा मंद असतो. झोपायला मागे कॉकपिटखाली ऐसपैस जागा, टॉयलेटला वेगळी बंद खोली, ओहोटीला सेंटरबोर्ड (तळाखाली पाण्यात सोडायची फळी) वर घेतला की अगदी उथळ पाण्यात किनाऱ्याला लावता यायची. त्या वयाच्या मुलीला घेऊन फिरायला याहून चांगली बोट मला आजही सुचत नाही.

मग तीन गोष्टी जवळजवळ एकदमच बदलल्या. माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि मास्ट, म्हणजे शिडाचा उभा खांब, उभा करणं मला जमेना. मास्ट, त्याला धरून ठेवणाऱ्या तारा (स्टे), शिडाखालचा आडवा दांडा (बूम), शीड सगळं लावून पाण्यात उतरेपर्यंत आम्हाला सव्वा तास लागायचा आणि ते दोघांचं काम होतं, त्यामुळे एक दिवसाची ट्रिप आम्ही टाळायलाच लागलो, शेवटच्या वर्षी बोट फक्त चारदा पाण्यात उतरली. दुसरं म्हणजे सासूबाई आता दर उन्हाळ्यात पुण्याहून तीन महिने येतात, गुडघे दुखतात, आणि केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्या त्यांना जड जायच्या. "अगं, मला खाली नको बसवूस, तिथून काहीच दिसत नाही," असं म्हणायच्या आणि मग वर गार वाऱ्यात शाल गुंडाळून बसायच्या, मला फार वाईट वाटायचं. तिसरी मुलगी. ती आता सोळा वर्षांची आहे, तिला रेस करायचीये, आईबाबांबरोबर नांगर टाकून बसण्यात तिला रस नाही आणि ते बरोबरच आहे.

पहिले सहा महिने आम्ही हे तिन्ही एकाच बोटीत शोधत बसलो. रेंजर टग २५ ही मोठी केबिनवाली मोटरबोट बघितली, आत शिरल्यावर बाहेर यावंसं वाटेना, पण ती ओढायला मोठा ट्रक घ्यावा लागला असता. एका ब्रोकरने आमच्या बोटीची एक्सचेंज किंमत इतकी कमी सांगितली की आम्ही स्वतःच जाहिरात टाकली आणि ती तीन आठवड्यांत एका लहान मुलांच्या कुटुंबाला विकली. नवरा म्हणाला, सगळ्यांना एकाच बोटीत कशाला कोंबतोय आपण? तिथून गाडं पुढे सरकलं.

सी-डोरी २२ म्हणजे २२ फुटी मोटरबोट, चारी बाजूंनी काचा असलेली बंद केबिन, मास्टबिस्ट काही नाही. रॅम्पवर पट्टे सोडले की वीस मिनिटांत पाण्यात, नवरा एकटाही उतरवतो. सासूबाई टेबलाशी बसून काचेतून सगळं बघतात. आमच्या बोटीत वॉलस कंपनीचा डिझेल स्टोव्ह आहे, झाकण लावलं की तोच हीटर होतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या पावसातसुद्धा आम्ही जातो, आधीच्या बोटीत सप्टेंबरला सीझन संपायचा. अॅनाकॉर्टिसच्या वॉशिंग्टन पार्क रॅम्पवरून सॅन वॉनमधल्या सुशिया बेटाला जायला आधी तीन-साडेतीन तास लागायचे, आता पाणी शांत असेल तर दीड तास. (आधीची बोटसुद्धा पळायची, पण त्यासाठी बॅलास्ट रिकामा ठेवायचा, आणि वाटेतल्या रोझारियो सामुद्रधुनीत ते करायची माझी तयारी नव्हती.)

आता तोटे. हिचा तळ पुढे व्ही आणि मागे जवळजवळ सपाट आहे, अशी बोट समोरून छोट्या उभ्या लाटा आल्या की आपटते, मग वेग निम्मा करायचा, ट्रिम टॅब (मागच्या बाजूच्या, बोटीचं नाक खाली दाबणाऱ्या पट्ट्या) खाली घ्यायचे आणि गुपचूप जायचं. टॉयलेटला खोली नाही, पोर्टा-पॉटी (उचलून नेता येणारं टॉयलेट) केबिनमध्येच, आम्ही पडदा लावलाय पण पाहुणे असले की अवघड होतं. दोन माणसं आरामात झोपतात, तिसऱ्याने टेबल पाडून केलेल्या बर्थवर पाय दुमडून झोपायचं. पेट्रोल लागतं, शिडावर फुकट जायचो ते गेलं. आणि इंजिन बंद केल्यावर शिडाखाली जी शांतता असते ती मला अजून आठवते, ती या बोटीत मिळत नाही.

ती शांतता मुलीच्या वाट्याला आलीये. लेझरला आता इल्का म्हणतात. साधारण ४.२ मीटर लांब, हल, म्हणजे बोटीचं नुसतं अंग, ५९ किलोचा, एका माणसाची. हल एकच, त्यावर वजनाप्रमाणे लहानमोठं शीड लावता येतं, ती ६ नंबरचं लावते, ऑलिंपिकमध्ये बायका जे वापरतात तेच. लेक वॉशिंग्टनवर ती पंधरा मिनिटांत स्वतः मास्ट-शीड लावून तयार करते, आम्ही हात लावायचा नाही असा नियम आहे. पहिल्या महिन्यात रोज उलटली, ड्रायसूट (आत पाणी न येणारा पोशाख) मात्र चांगला घ्या, तळ्याचं पाणी मे महिन्यातही गार असतं.

जुनी सी-डोरी घेणाऱ्यांनी एक करा. तळात फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा कोअर, म्हणजे गाभा असतो, आधीच्या मालकाने कुठे स्क्रू मारले असतील आणि ते नीट सील केले नसतील तर पाणी आत जाऊन कोअर सडतो, म्हणून सर्व्हेअरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) घेऊन ओलावा मोजून घ्या. आम्ही बघितलेली पहिली बोट त्यामुळेच सोडली. ट्रेलरचे ब्रेक आणि बेअरिंगही बघा, खारं पाणी त्यांना खातं.

गेल्या वर्षी बोट सव्वीसदा पाण्यात उतरली. ऑगस्टमध्ये सुशियाच्या फॉसिल बे या खाडीत बोट तरंगत्या बोयाला बांधली, सासूबाईंनी वॉलसवर आल्याचा चहा केला, मुलगी लेझर सोडून दोन दिवस आमच्याबरोबर आली होती, पाय दुमडून झोपली. या वर्षी सासूबाई जूनमध्येच येतायत, त्यांना स्टुअर्ट बेटाचं रीड हार्बर हे बंदर बघायचंय.