शेळ्यांसाठी पन्नास हजार: बचत गटातून की फायनान्सवाल्यांकडून?

लातूर-बीडकडच्या बहुतेक गावांत बाईला विनातारण कर्ज मिळायच्या दोन वाटा आहेत: उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांचा बचत गट, नाहीतर मोटारसायकलवर हप्ते गोळा करत फिरणारे फायनान्सवाले, म्हणजे मायक्रोफायनान्स कंपन्या.

आधी व्याज. कंपनीचा दर 24 टक्के धरला, तर 50,000 रुपयांवर, महिन्याच्या हप्त्यांनी मुद्दल घटत जाऊन, दोन वर्षांत साधारण 13,450 रुपये व्याज जातं. बँक गटाला तीन लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी देते, पण गट आपल्या बायकांना पुढे बहुधा महिना शेकडा एक-दोनने देतो. शेकडा दोन म्हणजे वर्षाचे 24च! फरक एवढाच, की बँकेचं व्याज भागवून उरलेली मधली रक्कम गटाच्या खात्यात राहते आणि उद्या तुमच्याच उपयोगी पडते.

कंपनीकडचा पैसा बँकांचा आणि गुंतवणूकदारांचा, त्यात परदेशी फंडही आले. हैदराबादची एसकेएस ही मायक्रोफायनान्स कंपनी ऑगस्ट 2010 मध्ये शेअर बाजारात उतरली. कर्जदारांच्या आत्महत्या गाजल्या, ऑक्टोबरात आंध्र सरकारने अशा कंपन्यांवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढला, तिथली वसुली बसली आणि बँकांनी इतर राज्यांतल्या कंपन्यांनाही हात आखडता घेतला. वर पैसा मुबलक असला की साहेब घरी येऊन कर्ज देतात. आटला की जुनं चोख फेडणारीलाही नवं मिळत नाही. त्यात तिची चूक काहीच नसते.

आपली कमाईही बाहेरच्या बाजारावरच हलते. 2021 च्या ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात होतं. त्याच महिन्यात केंद्राने सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि पुढे भाव उतरले. 2024 मध्ये हमीभाव 4,892 असताना आडतीत त्याखाली सौदे झाले. हप्ता मात्र तेवढाच. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण हे उत्पन्न म्हणजे वर्षाची कमाई भागिले बारा. सोयाबीनचा पैसा दिवाळीला येतो, मग जूनचा हप्ता कशातून भरायचा? गटाच्या बैठकीत निदान 'दोन महिने थांबा' म्हणता येतं.

गटाचंही सगळं गोड नाही. आधी काही महिने बचत आणि बैठका, मग बँकेत खेटे. एकीने थकवलं की सगळ्यांची फाईल अडते. अध्यक्ष-सचिवच कर्ज फिरवत बसल्या, तर बाकीच्यांनी काय करायचं? कंपनीचे पैसे मात्र लवकर हातात पडतात.

माझं मत: चहाची टपरी, भाजी, दूध असं रोजचं नगद येत असेल आणि घाई असेल, तरच कंपनी, तीही एकच. शेळ्यांचा पैसा बोकड विकल्यावर येतो, तेव्हा त्यासाठी गटच बरा. पेरणीला दोन्ही नकोत. त्याला सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज आहे.

कंपनीकडूनच घ्यायचं ठरलं, तर सहीआधी मराठीतला माहितीचा कागद मागा. त्यात वार्षिक दर, प्रक्रिया शुल्क आणि विम्याची कपात बघा. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर वसुलीला येता येत नाही.