ऑनलाइन एसीएलएस कार्ड 'दोन तासांत': रेसिडेंट्सची फसवणूक कशी होते

जेआर-१ ची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरची, ड्यूटी सुरू झाली की काही आठवड्यांतच डिपार्टमेंटकडून विचारणा होते, "बीएलएस-एसीएलएस झालं का?" म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटला वाचवण्याचे प्राथमिक आणि प्रगत कोर्स. २०२३ च्या पीजी नियमावलीने हे प्रशिक्षण पहिल्याच वर्षात घातलं आहे. इकडे जवळच्या सेंटरची बॅच भरलेली असते आणि सलग दोन दिवस सुट्टी मिळायची मारामार. नेमका याच वेळी ग्रुपवर मेसेज येतो: बीएलएस आणि एसीएलएस कॉम्बो, घरबसल्या, दोन तासांत, पास होण्याची हमी, सर्टिफिकेट त्याच दिवशी. फी खऱ्या कोर्सपेक्षा खूपच कमी.

बीसीबीआरसारखा (संशोधनपद्धतीचा) कोर्स ऑनलाइनच करायचा असतो, त्यामुळे हाही तसाच असेल असं नव्या रेसिडेंटला सहज वाटून जातं. यूपीआयने पैसे जातात ते संस्थेच्या नव्हे, एखाद्या व्यक्तीच्या खात्यात. मग लिंक येते, प्रश्न सोडवायचे, चुकले तर पुन्हा सोडवायचे, की रंगीत पीडीएफ हजर. त्यावर हृदय-मशालीच्या बोधचिन्हासारखं काहीतरी, 'अमेरिकन' शब्द असलेलं भारदस्त नाव आणि खाली बारीक अक्षरात 'एएचए गाइडलाइन्सनुसार'.

सगळी मेख या ओळीत आहे. गाइडलाइन्स सार्वजनिक आहेत, त्या कुणीही वाचाव्यात आणि 'आम्ही त्यानुसार शिकवतो' असं म्हणावं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं (एएचए) कार्ड ही वेगळी गोष्ट आहे. ते अधिकृत ट्रेनिंग सेंटरमार्फतच मिळतं. 'गाइडलाइन्सनुसार' लिहिणाऱ्याने तांत्रिकदृष्ट्या खोटं लिहिलेलं नसतं, त्यामुळे नंतर जाब विचारला की तो याच शब्दाआड लपतो.

पूर्णपणे ऑनलाइन झालेल्या बीएलएस किंवा एसीएलएसवर एएचए कार्ड देत नाही. हार्टकोड नावाचा ऑनलाइन भाग आहे, पण तो फक्त थिअरीपुरता. त्यानंतर मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) प्रत्यक्ष स्किल टेस्ट द्यावीच लागते. बीएलएसमध्ये प्रौढाचा सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) एईडी या शॉक देणाऱ्या यंत्रासह, अर्भकाचा सीपीआर आणि २५ प्रश्नांची परीक्षा. एसीएलएसमध्ये एअरवे (श्वासमार्ग), उत्तम दर्जाचा बीएलएस, मेगाकोड (हृदय बंद पडल्याचा प्रसंग टीमसह हाताळून दाखवणं) आणि ५० प्रश्न. दोन्ही लेखी परीक्षांना ८४ टक्क्यांची अट आहे. पूर्ण एसीएलएसला साधारण दोन दिवस जातात ते मेगाकोडच्या सरावात: टीम लीडर म्हणून हृदयाचा रिदम ओळखा, शॉक द्यायचा की नाही ते ठरवा, ॲड्रिनलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी मागा आणि कॉम्प्रेशन थांबू देऊ नका.

स्क्रीनवर हे शिकताच येत नाही. मिनिटाला १०० ते १२० चा वेग आणि किमान ५ सेंटिमीटर खोली तोंडपाठ असते, पण मॅनिकिनवर हात ठेवला की पहिल्या मिनिटानंतर कोपर वाकायला लागतात, खोली कमी होते आणि छाती पूर्ण वर येण्याआधीच पुढचा दाब पडतो. फीडबॅक देणारं उपकरण जोडलेलं असलं की हे तिथल्या तिथे कळतं. ॲम्बू बॅगचंही (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) तेच: मास्कचा सील सुटला की हवा गालाशेजारून निघून जाते आणि छाती हलत नाही. रात्री वॉर्डात कोड लागतो, म्हणजे एखाद्या पेशंटचं हृदय बंद पडतं, तेव्हा पीडीएफवाला रेसिडेंट पेशंटच्या छातीवर पहिल्यांदा हात ठेवत असतो. पैसे बुडण्यापेक्षा हे कितीतरी वाईट आहे.

आता पडताळणी. खरं ई-कार्ड सहसा ईमेलवर येणाऱ्या लिंकवरून स्वतः क्लेम करावं लागतं. त्यावर तुमचं नाव, ई-कार्ड कोड, ट्रेनिंग सेंटर आणि इन्स्ट्रक्टरची माहिती, दिल्याची तारीख आणि नूतनीकरणाची तारीख असते. मुदत दोन वर्षांची. 'लाइफटाइम व्हॅलिडिटी' वाचलं की तिथेच थांबा. क्यूआर कोड स्कॅन करून समाधान मानू नका. खोट्या पीडीएफवरचा क्यूआर विकणाऱ्याच्याच वेबसाइटवर नेतो आणि तिथे हिरवी टिक दिसते. एएचएच्या साइटचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा आणि तिथल्या ई-कार्ड पडताळणीच्या पानावर कोड घाला. नाव आणि कोर्स दोन्ही जुळले पाहिजेत. पैसे भरण्याआधीही त्याच साइटवर ट्रेनिंग सेंटर शोधा आणि तिथल्या संपर्कावरूनच चौकशी करा, मेसेजमधल्या नंबरवरून नको.

दुसरा प्रकार ओळखायला जास्त अवघड. सेंटर खरं, कार्डही खरं, प्रशिक्षण मात्र नावापुरतं. भल्यामोठ्या बॅचला एक मॅनिकिन, हजेरीवर सह्या, ग्रुप फोटो आणि घरी. नियमाप्रमाणे बीएलएसच्या सरावात एका मॅनिकिनमागे तीन आणि एका इन्स्ट्रक्टरमागे सहा विद्यार्थी असायला हवेत. प्रत्येकाकडे चालू आवृत्तीचं प्रोव्हायडर मॅन्युअल लागतं, झेरॉक्स चालत नाही. नाव नोंदवतानाच विचारा: बॅच किती जणांची, मॅनिकिन किती, मॅन्युअल फीमध्ये आहे का, मेगाकोड प्रत्येकाचा घेणार का. व्यवस्थित शिकवणारे याची उत्तरं लगेच देतात. डिपार्टमेंटला भारतीय कोर्स चालत असेल, तर इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनचे बीसीएलएस (प्राथमिक) आणि सीसीएलएस (सर्वसमावेशक) हेही प्रत्यक्ष सरावाचे कोर्स आहेत. काय चालेल ते डिपार्टमेंटकडून आधी लेखी घ्या.

पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवायची असते. यूपीआयचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, मेसेजचे स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर आणि ती पीडीएफ जपून ठेवा. ग्रुप सोडू नका आणि चॅट डिलीट करू नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवून पोच क्रमांक घ्या आणि बँकेलाही लेखी कळवा. ते कार्ड डिपार्टमेंटला देऊ नका. आधीच दिलं असेल तर एचओडींना (विभागप्रमुखांना) स्वतःहून सांगा, सोबत तक्रारीची प्रत आणि खऱ्या कोर्सच्या नोंदणीची पावती जोडा.