डॉक्टरांसाठीचा 'मोफत' करार सल्ला मला ८,७१,४०० रुपयांना पडला

एमडी संपवून हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट म्हणून रुजू होणाऱ्यांनी हे नक्की वाचा. "आम्ही फक्त डॉक्टरांचंच प्लॅनिंग करतो" म्हणणारा सल्लागार ज्यांना भेटलाय, त्यांनी तर आजच वाचा. माझे ८,७१,४०० रुपये गेले. त्यातले ३,१३,५०० आईची एफडी मोडून आणलेले होते. चारचौघांत सांगायची लाज वाटते, पण राग त्याहून मोठा आहे, कारण तो माणूस आजही रेसिडेंट्सपुढे 'वेल्थ सेशन' घेत फिरतोय.

गॅरंटीड रिटर्नची पॉलिसी एफडी म्हणून गळ्यात मारण्याचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होता. म्हणूनच तो पॉलिसीचं नाव घेत आलाच नाही. आला तो माझं अपॉइंटमेंट लेटर तपासून द्यायला, तेही फुकट, आणि हॉस्पिटलच्या एचआरनेच भरवलेल्या सेशनमधून. त्याने सांगितलं ते सगळं बरोबर होतं, हे सगळ्यात जास्त खुपतं. मिनिमम गॅरंटी, म्हणजे दरमहा ठरलेली किमान रक्कम, सहा महिन्यांनी संपून फी-फॉर-सर्व्हिस, म्हणजे जेवढं काम तेवढेच पैसे, सुरू होणार, हे आतल्या पानावरचं वाक्य त्याने दाखवलं. सोडल्यावर दोन वर्षं १० किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही, ही अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही, हे त्याने समजावलं. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे तुम्ही पगारदार नाही, ४४एडीए (निम्मी कमाई नफा धरून तेवढ्यावरच कर भरायची सोय) वापरता येईल, हेही खरंच होतं. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिप, एमडीची तीन वर्षं, यात आम्हाला एक तासही कोणी करार किंवा कर शिकवला नाही. अशा वेळी समोरचा दहा गोष्टी खऱ्या सांगतो तेव्हा अकरावीवर कोण संशय घेईल?

अकरावी गोष्ट मार्च २०२२ मध्ये आली. "टॅक्स फार जाणार आहे मॅडम. एकदाच भरा, पाचव्या वर्षी काढून घ्या, सगळी रक्कम ८०सी मध्ये बसते." ८०सी च्या करसवलतीची मर्यादा तेव्हा १,५०,००० होती आणि माझी ती पीपीएफनेच भरलेली होती. पण ३१ मार्च तोंडावर, त्यात रोज ओपीडी. पहिली पॉलिसी ५,००,००० ची, ४.५ टक्के जीएसटी धरून ५,२२,५००. दुसरी ३,००,००० ची, जीएसटीसह ३,१३,५००. वर त्याची प्लॅनिंग फी ३०,००० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००.

आणि मग तो व्हेरिफिकेशन कॉल. हा क्षण मी अजून विसरू शकत नाही. त्याने आधीच बजावलं होतं, "कंपनीकडून फोन येईल, स्क्रिप्ट असते, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकते आणि मार्च निघून जातो." फोन आला तेव्हा समोर तापाने फणफणलेलं मूल आणि त्याची रडणारी आई. पलीकडची बाई भराभर वाचत होती: "आपण हा हप्ता दरवर्षी, बारा वर्षं भरणार आहात, बरोबर?" बारा वर्षं हे शब्द मला ऐकू आले होते. मी त्याला लगेच मेसेज केला. उत्तर आलं, "ते सिस्टिममध्ये तसंच दिसतं, बॅकएंडला सिंगल करून देतो." जो माणूस कराराची कलमं तोंडपाठ सांगत होता, त्याचं हे उत्तर मी खरं मानलं. माझ्या जागी कोणीही मानलं असतं.

पॉलिसीचे कागद माझ्यापर्यंत आलेच नाहीत. प्रपोजल फॉर्मवर ईमेल त्याच्या ऑफिसचा होता. ई-पॉलिसी परत करायचे ३० दिवस तिकडेच संपले. मार्च २०२३ ला दुसऱ्या हप्त्याची मागणी आली, ८,१८,००० रुपये! तेव्हाच्या नियमांत एकच हप्ता भरून सोडली तर हातात शून्य. दोन भरून सोडली तर प्रीमियमच्या ३० टक्के, म्हणजे १६,५४,००० घालून ४,८०,००० परत. मी भरणं थांबवलं. बारा वर्षांच्या पॉलिसीवर तेव्हा पहिल्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनला मुभा होती. ८,००,००० वर ते २,८०,००० पर्यंत जातं. माझ्याकडून फी घेतली ती वेगळीच.

आता तक्रारींचं. कंपनी म्हणाली, "रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही हो म्हणालात." सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तर ती त्याच कंपनीकडे उत्तरासाठी गेली, कंपनीने तेच उत्तर चिकटवलं आणि पोर्टलने 'निकाली' म्हणून बंद केली. कोणी मला एक फोन केला नाही, एक कागद मागितला नाही. गुंतवणूक सल्लागारांवर लक्ष ठेवणारे, म्हणजे सेबीवाले म्हणाले, तो आमच्याकडे नोंदणीकृतच नाही, त्यामुळे आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे परवाना न घेता धंदा करणाऱ्याला कायद्याची भीतीच नको! पोलीस ठाण्यात साहेब आधी हसले, "डॉक्टर असून?" आणि मग म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. फॉर्मवर माझं वार्षिक उत्पन्न १८,५०,००० च्या जागी ४५,००,००० लिहिलंय, अक्षर माझं नाही, हे मी दाखवत होते. त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. हॉस्पिटलचा एचआर म्हणतो, सेशन ऐच्छिक होतं.

विमा लोकपालाकडे कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आतच जाता येतं. हे मला कोणी सांगितलं नाही, ते वर्ष पोर्टलच्या नादात गेलं. तुम्ही घालवू नका. तिथे वकील लागत नाही, फीही नाही. मी आता ग्राहक आयोगात गेले आहे. मोजलेले पैसे पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असतील तर शुल्क फक्त २०० रुपये आहे, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं.

कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची प्रत आणि कॉलचं रेकॉर्डिंग लेखी मागून घ्या, पहिल्याच आठवड्यात. फॉर्मवरचा मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना ते सहीआधी बघा, कोरी जागा सोडून सही तर कधीच नको. आता सगळ्या पॉलिसींना ३० दिवसांचा फ्री-लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत आहे. कागद हाती आला की त्याच दिवशी 'प्रीमियम भरण्याची मुदत' ही ओळ शोधा. व्हेरिफिकेशन कॉल ओपीडीत घेऊ नका. करार वाचून घ्यायचा असेल तर वकिलाला पैसे देऊन वाचून घ्या.

आणि तुमच्या हॉस्पिटलमध्ये असं सेशन लागलंच, तर सगळ्यांसमोर उभं राहून विचारा: तुमचा सेबीचा 'आयएनए' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक काय, आणि आज जे सुचवताय त्यावर तुम्हाला कमिशन किती मिळतं? सेबीच्या साइटवर तो क्रमांक तिथेच, त्याच्या समोर तपासा. सल्ल्याची फी आणि त्याच ग्राहकावर कमिशन, असं दोन्ही नोंदणीकृत सल्लागाराला घेता येत नाही.